व्हर्च्युअल मशीनचा पासवर्ड आठवत नाही? आत जायचे मार्ग कोणते आणि ते कुठे संपतात?

सहा महिन्यांपूर्वी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात उबुंटू बसवलं, कॉलेजचा प्रोजेक्ट त्यात केला आणि मग ते मशीन तसंच पडून राहिलं. आता परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते उघडलं तर समोर लॉगिन स्क्रीन. नाव दिसतंय, पासवर्ड आठवत नाही. किंवा मित्राने पेन ड्राइव्हवर तयार मशीन दिलं, पण पासवर्ड सांगायला विसरला. किंवा ऑफिसमधला सर्व्हर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि जाताना लॉगिन कुणालाच देऊन गेला नाही.

अशा वेळी बरेच जण घाबरून मशीन डिलीट करतात आणि नव्याने सगळं बसवतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. ज्याच्या हातात व्हर्च्युअल मशीनची डिस्क आहे, त्याला लॉगिनचा पासवर्ड फार काळ अडवू शकत नाही. हे कसं शक्य होतं, नेमकं काय करायचं, आणि कोणत्या परिस्थितीत खरोखरच काही करता येत नाही, ते समजून घेऊ.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय?

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला दुसरा कॉम्प्युटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन. बाहेरच्या कॉम्प्युटरला 'होस्ट' म्हणतात, आतल्याला 'गेस्ट'. विंडोजच्या लॅपटॉपवर एका खिडकीत लिनक्स चालतं ते असंच.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या मेनफ्रेम कॉम्प्युटरसाठी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली होती. घरगुती कॉम्प्युटरवर हा प्रकार आणला तो व्हीएमवेअरने, १९९९ मध्ये. विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेलं व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये आलं आणि २०१० पासून ते ओरॅकलकडे आहे. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आणि लिनक्सवरचं केव्हीएम ही त्याच जातीची इतर नावं.

आपल्या विषयासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: या आतल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे होस्टवरची एक साधी फाइल असते (स्नॅपशॉट घेतले असतील तर एकापेक्षा जास्त फाइल्स). व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती 'व्हीडीआय' प्रकारची असते, व्हीएमवेअरमध्ये 'व्हीएमडीके', हायपर-व्हीमध्ये 'व्हीएचडीएक्स', तर केव्हीएममध्ये बहुतेकदा 'क्यूकाऊ२'. ही फाइल कॉपी करता येते, दुसऱ्या मशीनला जोडता येते, आणि एन्क्रिप्शन नसेल तर बाहेरून वाचताही येते. पुढचे सगळे उपाय याच गोष्टीवर उभे आहेत.

जुना पासवर्ड परत का मिळत नाही?

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. विसरलेला पासवर्ड बाहेर काढून दाखवणारं बटण कुठेच नसतं, कारण पासवर्ड मशीनमध्ये लिहून ठेवलेलाच नसतो.

पूर्वी तो तसा ठेवला जायचा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या दशकात 'सीटीएसएस' नावाची प्रणाली होती. अनेक लोक एकच कॉम्प्युटर वापरत, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिलेला होता आणि सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे होते. एकदा एक जण ती फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा माणूस रोजच्या सूचनेची फाइल लिहीत होता. प्रणालीतल्या एका त्रुटीमुळे दोन्ही फाइल्सची अदलाबदल झाली. त्यानंतर ज्याने ज्याने लॉगिन केलं, त्याला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड स्क्रीनवर दिसले.

पुढे युनिक्स प्रणालीत पासवर्डचा 'हॅश' ठेवण्याची पद्धत रुळली. हॅश म्हणजे पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून तयार झालेली अक्षरांची लांब माळ. गव्हाचं पीठ करता येतं, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसं हे आहे. लॉगिन करताना तुम्ही जे टाइप करता त्याचाही हॅश काढला जातो आणि दोन्ही हॅश जुळले तर दार उघडतं. लिनक्समध्ये हे हॅश 'शॅडो' नावाच्या फाइलमध्ये असतात, विंडोजमध्ये 'सॅम' नावाच्या फाइलमध्ये.

म्हणून शोधायचा तो जुना पासवर्ड नाही. करायचं एवढंच, की डिस्कवरचा जुना हॅश काढून तिथे नवा बसवायचा. तो बसवायला मशीनच्या आत 'मालक' म्हणून पोहोचावं लागतं, आणि तिथे पोहोचायचे रस्ते लॉगिन स्क्रीनच्या आधीच फुटतात.

आधी हे तपासा

दुरुस्तीला हात घालण्याआधी पाच मिनिटं या गोष्टींवर घालवा. पुष्कळदा पासवर्ड बरोबर असतो आणि चूक दुसरीकडेच असते.

*कीबोर्डची मांडणी:* गेस्ट मशीन ब्रिटिश मांडणीवर असेल आणि तुमचा कीबोर्ड अमेरिकन, तर 'ॲट'चं चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांची जागा बदललेली असते. पासवर्डमध्ये 'ॲट' असेल तर तो दरवेळी चुकणारच. उबुंटूत मराठी कीबोर्ड जोडलेला असेल तर लॉगिन स्क्रीनवर तोच चालू राहिलेला असू शकतो. तिथे भाषेचं चिन्ह दिसतं का ते बघा. कॅप्स लॉक आणि नम लॉकही तपासा. सोपी युक्ती म्हणजे नावाच्या रकान्यात पासवर्डमधली चिन्हं टाइप करून पाहायची, तिथे अक्षरं दिसतात. पाहून झालं की पुसून टाका.

*न दिसणारी अक्षरं:* लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर पासवर्ड टाइप करताना सहसा ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं वाटतं, पण अक्षरं आत जात असतात.

*तयार मशीनचा ठरलेला पासवर्ड:* मशीन तुम्ही बसवलेलं नसून तयार डाउनलोड केलेलं असेल, तर त्याचा पासवर्ड बनवणाऱ्याने जाहीर केलेला असतो. काली लिनक्सच्या तयार मशीनमध्ये २०२० पासून नाव आणि पासवर्ड दोन्ही 'काली' असतात, त्याआधी नाव 'रूट' आणि पासवर्ड 'तूर' (रूटची अक्षरं उलटी) होता. सायबर सुरक्षेच्या सरावासाठी वापरलं जाणारं 'मेटास्प्लॉइटेबल २' हे मशीन 'एमएसएफॲडमिन' या एकाच शब्दाने उघडतं. 'व्हेग्रंट'च्या मशीनमध्ये सहसा दोन्हीकडे 'व्हेग्रंट' चालतं. डाउनलोडच्या पानावर किंवा सोबतच्या 'रीड मी' फाइलमध्ये ही माहिती असते.

उबुंटूच्या 'क्लाउड इमेज' मात्र वेगळ्या असतात. त्यांना ठरलेला पासवर्डच नसतो. पहिल्यांदा सुरू करतानाच आपली किल्ली किंवा पासवर्ड बाहेरून द्यावा लागतो. अशा मशीनवर अंदाज लावत बसण्यात अर्थ नाही.

पहिलं काम: एक पूर्ण कॉपी

खऱ्या कॉम्प्युटरवर जे अवघड असतं ते इथे सोपं आहे. काहीही बदलण्याआधी मशीनची प्रत काढून ठेवा, म्हणजे चूक झाली तरी मूळ मशीन शाबूत राहील.

मशीन 'सेव्ह स्टेट' करून झोपवलेलं असेल तर ते सुरू केल्यावर थेट लॉगिन स्क्रीनवरच येतं, पुढच्या उपायांना लागणारा सुरुवातीचा मेन्यू दिसत नाही. म्हणून आधी ते पूर्ण बंद करा. मग व्हर्च्युअलबॉक्समधला 'क्लोन' पर्याय वापरून 'फुल क्लोन' घ्या.

नुसती डिस्कची फाइल हाताने कॉपी करण्यात दोन अडचणी आहेत. एक, फाइलच्या आत असलेला ओळख क्रमांक तोच राहिल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स ती कॉपी मूळ डिस्कच्या बरोबरीने नोंदवायला नकार देतं. दोन, स्नॅपशॉट घेतलेले असतील तर त्यानंतरचा डेटा वेगळ्या फाइल्समध्ये असतो, त्यामुळे मुख्य फाइलच्या कॉपीत जुनाच डेटा येतो.

स्नॅपशॉटवरून आठवलं: पासवर्ड नुकताच बदलून विसरला असाल आणि त्याआधीचा स्नॅपशॉट असेल, तर तिथे परत गेल्यावर जुना पासवर्ड चालेल. पण त्यानंतर मशीनमध्ये केलेलं सगळं काम त्या स्थितीत नसेल. म्हणून हा प्रयोगसुद्धा क्लोनवरच करावा.

फक्त फाइल्स हव्या आहेत?

प्रोजेक्टचा रिपोर्ट किंवा कोड एवढंच बाहेर काढायचं असेल तर पासवर्डच्या फंदात पडायचंच कारण नाही. बंद मशीनची डिस्क दुसऱ्या चालू व्हर्च्युअल मशीनला 'दुसरी हार्ड डिस्क' म्हणून जोडा. ती पेन ड्राइव्हसारखी उघडते आणि फाइल्स कॉपी करता येतात. 'परवानगी नाही' असा संदेश आला तर दुसऱ्या मशीनमध्ये ॲडमिन किंवा रूट म्हणून काम करा.

विंडोजवर 'व्हीएचडीएक्स' फाइल डबल क्लिक करून जोडता येते. '७-झिप' या मोफत सॉफ्टवेअरलाही 'व्हीडीआय', 'व्हीएमडीके' यांसारख्या डिस्क फाइल्सच्या आत डोकावता येतं. एक पथ्य मात्र पाळा. मशीन चालू असताना तीच डिस्क दुसरीकडे जोडू नका. दोन्हीकडून एकाच वेळी लिहिलं गेलं तर डिस्क खराब होते.

उबुंटूमध्ये नवा पासवर्ड कसा टाकायचा?

लिनक्स सुरू होताना सर्वात आधी 'ग्रब' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो. कोणती प्रणाली कशी सुरू करायची हे तो ठरवतो, आणि तो लॉगिनच्या आधी येतो. पासवर्ड विसरला तर इथूनच वाट आहे.

१. मशीन सुरू करा आणि लगेच त्याच्या खिडकीत माउसने क्लिक करा, नाहीतर कीबोर्ड होस्टकडेच राहतो. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनमध्ये शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय पद्धतीच्या मशीनमध्ये एस्केप एकदाच दाबा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेन्यूऐवजी नुसतं 'ग्रब' लिहिलेली काळी स्क्रीन येते. अशा वेळी मशीन रीसेट करून पुन्हा प्रयत्न करा.

२. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा आणि त्यातली 'रिकव्हरी मोड' असलेली ओळ.

३. पुढच्या मेन्यूत 'रूट' हा पर्याय घ्या. उबुंटूमध्ये रूट खातं मुळात कुलूपबंद असतं, त्यामुळे इथे पासवर्ड न विचारता थेट आत प्रवेश मिळतो.

४. डिस्क बहुतेकदा फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते. ती लिहिण्यायोग्य करायची कमांड अशी: माउंट, जागा, हायफन ओ, जागा, रिमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, जागा, स्लॅश. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, आणि स्वल्पविरामाच्या आजूबाजूला जागा न सोडता. ही पायरी वगळली तर पुढे पासवर्ड बदलताना चुकीचा संदेश येतो आणि लोक इथेच अडकतात.

५. आता पासवर्ड बदलायची कमांड. तिचं स्पेलिंग पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, मग जागा, मग तुमचं युजरनेम. युजरनेमच आठवत नसेल तर 'होम' फोल्डरमध्ये कोणत्या नावाची फोल्डर्स आहेत ते पाहा. नवा पासवर्ड दोनदा टाका आणि मशीन रीस्टार्ट करा.

डेबियन किंवा ज्या लिनक्समध्ये रूटला स्वतःचा पासवर्ड दिलेला असतो, तिथे रिकव्हरी मोड तोच पासवर्ड मागतो. मग ग्रबच्या मेन्यूत हव्या त्या ओळीवर 'ई' हे अक्षर दाबायचं. उघडलेल्या मजकुरात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची. त्या ओळीत 'आरओ' असेल तिथे 'आरडब्ल्यू' करायचं आणि शेवटी 'इनिट', बरोबरचं चिन्ह, 'स्लॅश बिन स्लॅश बॅश' हे सलग जोडायचं. नंतर कंट्रोल आणि एक्स. यामुळे प्रणाली नेहमीची सगळी कामं सोडून थेट कमांडची स्क्रीन देते. तिथे पाचवी पायरी करा. पासवर्ड बदलल्यावर 'सिंक' ही कमांड द्या आणि मशीन रीसेट करा. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, पुढच्या वेळी मशीन नेहमीसारखं सुरू होतं.

रेड हॅट, फेडोरा, रॉकी, अल्मा या गटात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे 'एसई-लिनक्स' नावाचा पहारेकरी प्रत्येक फाइलवर लेबल लावतो. बाहेरच्या बाहेर पासवर्ड बदलला की शॅडो फाइलचं लेबल बिघडतं आणि नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. म्हणून रीस्टार्ट करण्याआधी डिस्कच्या मुळाशी 'डॉट ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल तयार करायची असते. ती दिसली की प्रणाली सुरू होताना सगळी लेबलं पुन्हा लावते. याला वेळ लागतो, मध्येच मशीन बंद करू नका.

ग्रबचा मेन्यू हातालाच लागत नसेल तर उबुंटूच्या इन्स्टॉलरची आयएसओ फाइल मशीनला सीडीसारखी जोडा, त्यावरून 'ट्राय उबुंटू' सुरू करा आणि तिथून मूळ डिस्कमध्ये शिरून पासवर्ड बदला. केव्हीएम वापरणाऱ्यांसाठी 'व्हर्ट-कस्टमाइझ' नावाचं साधन आहे. ते मशीन सुरू न करताच डिस्क फाइलमध्ये नवा पासवर्ड बसवतं. अट तीच: मशीन बंद असायला हवं.

विंडोज असेल तर?

इथे खातं कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा.

लॉगिनला ईमेल लागत असेल तर ते मायक्रोसॉफ्ट खातं. त्याचा पासवर्ड मोबाइलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन बदलता येतो. मात्र नवा पासवर्ड चालण्यासाठी व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट मिळायला हवं. नेटवर्क बंद ठेवलेल्या मशीनला हा बदल कळतच नाही.

ईमेल नसेल तर ते लोकल खातं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून लोकल खात्याला सुरक्षा प्रश्न ठेवता येतात. चुकीचा पासवर्ड टाकल्यावर 'रीसेट पासवर्ड' अशी ओळ दिसते, तिथे उत्तरं द्यायची. मशीनवर दुसरं ॲडमिन खातं असेल तर त्यातूनही पासवर्ड बदलता येतो. यातलं काहीच नसेल तर 'सिस्टिमरेस्क्यू' या मोफत लिनक्स डिस्कवरचं 'सीएचएनटीपीडब्ल्यू' हे साधन सॅम फाइलमधला लोकल खात्याचा पासवर्ड रिकामा करू शकतं.

पण विंडोजमध्ये जबरदस्तीने पासवर्ड बदलण्याची किंमत असते. विंडोजच्या 'ईएफएस' पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स आणि ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड यांची किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असते. पासवर्ड बाहेरून बदलला की त्या फाइल्स दिसतात पण उघडत नाहीत. जुना पासवर्ड आठवण्याची थोडीही शक्यता असेल आणि मशीनमध्ये अशा फाइल्स असतील, तर क्लोन जपून ठेवा.

असाच छोटा धक्का उबुंटूतही बसतो. नव्या पासवर्डने आत गेल्यावर 'कीरिंग' जुना पासवर्ड मागत राहतं. साठवलेले वाय-फाय आणि ब्राउजरचे पासवर्ड त्यात असतात. जुना आठवत नसेल तर कीरिंग नव्याने तयार करावं लागतं आणि त्यातला साठा सोडून द्यावा लागतो. तुमच्या इतर फाइल्सना धक्का लागत नाही.

मशीन क्लाउडवर असेल तर?

भाड्याने घेतलेला क्लाउड सर्व्हर हीसुद्धा बहुतेकदा व्हर्च्युअल मशीनच असते. ॲमेझॉन आणि गूगल यांची क्लाउड केंद्रं मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. मशीन तुमच्याच शहरात असलं तरी तिथे जाऊन शिफ्ट दाबता येत नाही. इथे डिस्कवरचा ताबा म्हणजे क्लाउड खात्याचं लॉगिन.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये मशीनच्या पानावर 'रीसेट पासवर्ड' हा पर्याय असतो. मशीनच्या आत बसवलेला एजंट चालू असेल तर तो नवा पासवर्ड लावतो. गूगल क्लाउडवर विंडोज मशीनसाठी नवा पासवर्ड तयार करण्याचं बटण आहे, तर लिनक्ससाठी मशीनच्या मेटाडेटामध्ये नवी एसएसएच किल्ली टाकता येते.

ॲमेझॉनच्या लिनक्स मशीनमध्ये सहसा पासवर्ड नसतोच, 'पेम' नावाची किल्लीची फाइल असते. ती तयार करताना एकदाच डाउनलोड होते. हरवली तर ॲमेझॉन ती पुन्हा देऊ शकत नाही. 'सेशन मॅनेजर' आधीपासून चालू असेल तर त्यातून आत जाता येतं. नसेल तर मशीन थांबवून तिची मुख्य डिस्क सोडवायची, दुसऱ्या मशीनला जोडायची, तिथून नवी किल्ली त्यात लिहायची आणि डिस्क परत जागेवर लावायची. घरच्या व्हर्च्युअलबॉक्सवर केलं तेच काम, फक्त माउसऐवजी वेब पानावरून.

थांबवण्याआधी दोन गोष्टी बघा. 'इन्स्टन्स स्टोअर' प्रकारच्या तात्पुरत्या डिस्कवर काही असेल तर मशीन थांबताच ते कायमचं जातं. आणि 'इलॅस्टिक आयपी' घेतलेला नसेल तर सुरू झाल्यावर पत्ता बदलतो, म्हणजे त्यावर चालणारी वेबसाइट दिसेनाशी होऊ शकते.

कुठे मार्ग संपतो?

वरचं सगळं चालतं ते डिस्कवरचा डेटा उघडा असल्यामुळे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर चित्र पूर्ण बदलतं.

लिनक्समध्ये 'लक्स', विंडोजमध्ये 'बिटलॉकर', तर व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स यांची स्वतःची एन्क्रिप्शनची सोय असते. इथला पासवर्ड दार उघडत नाही, तो डेटा वाचण्याची किल्ली बनवतो. किल्ली नसेल तर डिस्कवर फक्त अर्थहीन आकडे उरतात. तिथे हॅश बदलून काही होत नाही, कारण हॅश असलेली फाइलच वाचता येत नाही.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. लिनक्समध्ये सुरू होतानाच, लॉगिन स्क्रीनच्या आधी पासवर्ड मागितला जात असेल तर तो डिस्कचा. तो आठवत असेल आणि फक्त लॉगिनचा विसरला असाल, तर वरचे लिनक्सचे उपाय चालतात. बिटलॉकर मात्र अनेकदा न विचारता उघडतं आणि बूटमध्ये बदल झाला की अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापून ठेवलेल्या कागदावर किंवा ऑफिसच्या आयटी विभागाकडे असू शकते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये विंडोज ११ साठी टीपीएम जोडताना मशीनला एन्क्रिप्शनचा पासवर्ड द्यावा लागतो. तो घाईत टाकून विसरणारे पुष्कळ असतात.

रिकव्हरी की नाही, पासवर्ड नाही, जुना बॅकअपही नाही, अशा स्थितीत पैसे घेऊन 'डेटा काढून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

म्हणजे कुणीही माझं मशीन उघडू शकतं?

एन्क्रिप्शन नसेल तर, हो. तुम्ही दहा मिनिटांत आत जाऊ शकता, तसंच ती डिस्क फाइल हातात आलेला दुसरा कुणीही जाऊ शकतो. लॅबच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं मशीन, मित्राला पेन ड्राइव्हवर दिलेली कॉपी, ड्राइव्हवर शेअर केलेली फाइल, विकलेल्या लॅपटॉपची न पुसलेली डिस्क: यांतल्या कुठल्याही ठिकाणी लॉगिनचा पासवर्ड संरक्षण देत नाही. मशीनमध्ये ग्राहकांची माहिती, बँकेचे तपशील किंवा खासगी फोटो असतील तर डिस्क एन्क्रिप्ट करणं हाच उपाय, आणि त्या किल्लीची जबाबदारी मग सर्वस्वी तुमची.

दुसरी बाजू कायद्याची. हे उपाय स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या मशीनसाठीच आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑफिसचं मशीन असेल तर आधी आयटी विभागाकडून लेखी होकार घ्या, एक ईमेलही पुरे.

पुढच्या वेळी ही वेळ येऊ नये म्हणून

- मशीन तयार केलं त्याच दिवशी पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंद करा. मशीनचं नाव, युजरनेम, पासवर्ड आणि डिस्कचा वेगळा पासवर्ड असेल तर तोही.
- निव्वळ सरावाचं मशीन असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या 'डिस्क्रिप्शन' रकान्यात पासवर्ड लिहून ठेवायला हरकत नाही. खरा डेटा असलेल्या मशीनसाठी हे करू नका.
- दुसरं ॲडमिन खातं तयार ठेवा. पहिलं अडकलं तर दुसऱ्यातून काम भागतं.
- क्लाउडच्या किल्लीची फाइल एकाच लॅपटॉपवर ठेवू नका. ऑफिसमध्ये किमान दोन जणांकडे स्वतंत्र किल्ल्या असाव्यात.
- बिटलॉकरची रिकव्हरी की किंवा लक्सचा हेडर बॅकअप मशीनच्या बाहेर ठेवा. किल्ली कुलपाच्या आत ठेवून उपयोग नाही.
- नवा पासवर्ड टाकून आत गेलात की सर्वात आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर कॉपी करा, बाकीची आवराआवर नंतर.